सोडवायचा राहिलेला

थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसानं थेट उपासनेला बसू नये, हे नवऱ्याला सांगून सांगून नीला थकली होती. पण ऐकेल तर तो सुजित वाघचौरे कसला! रात्रभर चाकणच्या कंपनीत दिव्याखाली बसून रबराचे पार्ट तपासायचे, दाबून बघायचे, फिरवून बघायचे, चीर दिसली की लाल पेटीत टाकायचे. सकाळी कंपनीच्या बसनं निघोज्याला उतरायचं, अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करायचं आणि रविवार असला की तासा-दोन तासांपुरतं शेजारणीला आईजवळ बसवून, शर्ट बदलून स्कूटरवरून मोशी गाठायची. तिथं टाइल्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची मंडळी जमायची. पंख्याखालची जागा मिळाली की दुसऱ्या गीताला ह्याची मान छातीवर. नीला कोपरानं ढोसायची. तो डोळे न उघडताच "आमेन" म्हणायचा.

त्या रविवारी कापणीचा सण होता. आता मोशी-चाकणात कोण कसली कापणी करतंय? गावाकडं ह्या सणाला अर्थ होता. लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणून ठेवायचे, बाजरी, भुईमूग, अंडी, एखादा कोंबडा. आणि उपासना झाली की त्याचाच लिलाव व्हायचा. ज्याला जे हवं ते त्यानं बोली लावून घ्यायचं, येईल ते देवळाच्या कामाला. इथं सगळे नगर-जालन्याकडून आलेले, कंपन्यांत राबणारे. पण सण काही सुटत नाही. म्हणून मग वेदीपुढच्या चटईवर दिवाळीला कंपनीनं दिलेला मिक्सर, न उघडलेलं ब्लँकेट, स्टीलचे डबे, चाकणच्या बाजारातली कांद्याची गोणी, असलं पीक. एका पठ्ठ्यानं तर हेल्मेट आणून ठेवलं होतं. त्या सगळ्यात खरं शेतातलं म्हणावं असा एक लाल भोपळा होता, कुणाच्या तरी गावाहून आलेला.

"हे बघा," चहाच्या कामाला मागं जाता जाता नीला म्हणाली, "तो भोपळा आपल्याला पाहिजे. आईंच्या घशाखाली हल्ली दुसरं काही उतरत नाही. भोपळ्याची बारी आली की हात वर करायचा. ऐकू येतंय ना?"

"हो गं, करतो."

"झोपू नका."

"नाही झोपत."

झोपला, आणखी काय!

आता इथं त्याच्या जन्माची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. सुजितच्या आईची, सोजरबाईची, आधीची लेकरं जगली नव्हती. शेवगावकडच्या त्यांच्या गावात अशी बाई देवाला बोलून ठेवायची, हे जगलं तर तुझं. मग कापणीच्या सणाला ते तान्हं पोर बाजरीच्या टोपलीशेजारी चटईवर ठेवायचं आणि लिलावात बापानं नावापुरती बोली लावून ते सोडवून घरी न्यायचं. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, गूळ वाटायचे. सुजितच्या वेळी सगळं रीतसर झालं, फक्त बाप ऐन वेळेला गायब. बैल सुटला म्हणून धावला होता की गुत्त्यावर जाऊन बसला होता, ह्यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बोली लागलीच नाही. लिलाव उरकला, माणसं पांगली, पोर रडायला लागलं तेव्हा सोजरबाईनं त्याला उचललं आणि घरी आणलं. दुसरी कुणी असती तर पुढच्या वर्षी सोडवून मोकळी झाली असती. ही म्हणाली, ऱ्हाऊ द्या, देवाच्या मनात काहीतरी असंल.

"तुला सोडवलेला न्हाई, लेकरा. तू त्याचा हायेस. एक दिवस तुला बोलावणं येनार," हे ऐकत सुजित मोठा झाला. आणि त्याच्या जोडीला बायबलातल्या, आईनं देवाला देऊन टाकलेल्या आणि मंदिरात निजलेल्या त्या पोराची गोष्ट, ज्याला देवानं झोपेतून हाक मारून उठवलं. ती तर सोजरबाई इतक्यांदा सांगायची की निजताना सुजित कान उघडे ठेवूनच निजायचा.

बोलावणं काही आलं नाही. दहावीनंतर येईल वाटलं, नाही आलं. मग आयटीआय केला, म्हणाला, तोवर काहीतरी हवं. चाकणला लागला, म्हणाला, हे आपलं तात्पुरतं. त्या तात्पुरत्यात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मिरजेला नर्सिंग शिकायला गेलीसुद्धा. बरोबरची पोरं सुपरवायझर झाली, चिखलीत त्यांनी फ्लॅट घेतले. ह्याला वरची जागा दोनदा देऊ केली आणि दोन्ही वेळा हा नको म्हणाला. उद्या हाक आली तर पाय गुंतलेले नकोत! निघोज्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत नीलानं भिंतीला कधी धड रंग लावून घेतला नाही, कारण विचारलं की ह्याचं ठरलेलं, "बघू, आपण इथं किती दिवस आहोत कुणास ठाऊक." माणूस वाईट नव्हता हो. पण नांदत्या घरात पाहुण्यासारखा राहणारा माणूस बायकोला किती दमवतो, ते तिचं तिलाच माहीत.

तर त्या रविवारी मिक्सर गेला, ब्लँकेट गेलं, हेल्मेटवर हशा झाला. आणि मध्येच तरुण पाळकसाहेब, सुरेंद्र आढाव, माइक हातात घेऊन उभे राहिले. अक्कलकुव्याच्या डोंगरात एक छोटी मंडळी आहे, म्हणाले, तिथला प्रचारक आजारपणामुळं परत आलाय, प्रार्थना घ्यायला माणूस नाही, पोरांना चार अक्षरं शिकवायला माणूस नाही. वस्तू तर आपण सगळेच आणतो. आज ह्या चटईवर स्वतःला कोण ठेवणार? कोण जाणार?

हॉलमध्ये एकदम चिडीचूप. पंख्यांचा तेवढा आवाज.

गोंगाटात गाढ झोपणारा माणूस शांततेनं दचकून उठतो. सुजित उठला. सगळे गप्प, पाळकसाहेब चौफेर बघतायत, चटईवर भोपळा तसाच, आणि कुणीच बोलत नाही. मेलो, भोपळ्याची बारी! त्यानं झटकन हात वर केला, अगदी ताठ, शाळेत करतात तसा.

"हालेलुया!" पाळकसाहेब ओरडले.

मग जे झालं ते काय सांगावं! म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. कुणी पाठ थोपटली, कुणी मिठी मारली. पाळकसाहेबांनी त्याला पुढं नेऊन चटईवर गुडघ्यांवर बसवलं आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. त्या प्रार्थनेत अक्कलकुवा, डोंगर, पाचारण असे शब्द यायला लागले तेव्हा कुठं सुजितच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. चहाचा ट्रे घेतलेली नीला मागच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून त्यानं डोळे मिटून घेतले.

दोघं स्कूटरवरून घरी निघाली. इंद्रायणीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, तिथं थांबल्यावर नीला म्हणाली, "कधी ठरवलंत? मला सांगावंसंसुद्धा वाटलं नाही?"

"नीला, मला वाटलं भोपळा आहे."

"काय?"

"झोप लागली होती गं. मला वाटलं भोपळ्याची बोली चाललीय."

ती हसायला लागली. इतकी हसली की शेजारचा ट्रकवाला खिडकीतून बघायला लागला. मग डोळे पुसता पुसता तिचं हसणं कधी मोडलं ते तिलाही कळलं नाही.

"मग जाऊन सांगा ना त्यांना तसं!"

पुढचा ट्रक हलला, सुजितनं स्कूटर काढली. पण त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. त्या पोरालाही देवानं झोपेतच हाक मारली होती ना? आईनं देऊन टाकलेलंच पोर होतं ना तेही? आयुष्यभर कान टवकारून बसलो तेव्हा आलं नाही. मग हे असंच यायचं असेल तर? भोपळ्याचं निमित्त करून माझा हात वर करणारा दुसराच कुणी असेल तर?

घरी आल्यावर त्यानं हे बोलून दाखवलं. नीला भाकरी थापत होती, तिनं परातीतला हात काढलासुद्धा नाही.

"मला एकच सांगा. एवढी वर्षं आपण काय करत होतो? तुमचं बोलावणं येईपर्यंत बाकावर बसलो होतो का? मी बसले होते? माझी पोर बसली होती?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. जा तुम्ही. मी आड येणार नाही, देवाच्या आड मी कोण येणार? पण माझी फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत आईंना कुशीवर कोण वळवणार, ते पण देवाला विचारून ठेवा."

खरी अडचण तीच होती. सोजरबाईला पक्षाघाताचा झटका आल्यापासून डावी बाजू गेली होती. नीला एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कायम फर्स्ट शिफ्टला. म्हणून सुजितनं हातापाया पडून कायमची थर्ड मागून घेतली होती. ती घराबाहेर पडायची तेव्हा तो येऊन टेकायचा आणि तो निघायचा तेव्हा ती स्वयंपाक उरकायची. मधल्या वेळात आईला पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यातून उरेल ती झोप. ह्या माणसाला सलग झोप मिळून युगं लोटली होती.

पाळकसाहेबांना फोनवर त्यानं चाचरत आईचं सांगितलं. ते प्रेमानं म्हणाले, मंडळी बघेल, बाया आळीपाळीनं येतील, काळजी करू नका, येत्या रविवारी तुमच्या पाठवणीची प्रार्थना ठेवलीय. आता बाया किती दिवस येतील हे न कळायला सुजित दूधखुळा नव्हता. तरी तो "बरं" म्हणाला.

कंपनीच्या बसमध्ये सकाळी परतताना त्यानं नागसेनला सगळं सांगितलं. नागसेन कांबळे त्याच्याच लाइनवर, त्याच्याच शिफ्टला. त्याच्या बापापासूनचं घराणं बुद्धवंदना म्हणणारं; देव, पाचारण ह्यात त्याला फारसा रस नव्हता, पण मित्रात होता.

"तिथं डोंगरात काय करशील?"

"सकाळी प्रार्थना. पोरांना शिकवायचं. मग..." सुजितचा आवाज मऊ झाला. "शांत असेल रे तिथं. एक खोली, बाहेर झाडं. रात्री माणसं झोपत असतील."

नागसेननं त्याच्याकडं मान वळवली. "राव, खरं बोलू? तुला डोंगर नकोय. तुला झोप पाहिजे."

सुजितला राग आला. इतका, की निघोजं येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. कुणीतरी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं की येतो तसला राग. खरंच होतं ते. अक्कलकुव्याचा विचार केला की त्याला माणसं दिसत नव्हती, पोरं दिसत नव्हती. दिसत होती ती नुसती एक खाट. पण म्हणून काय झालं? थकल्या माणसाला देव बोलावतच नाही की काय? त्यानं बसमध्येच ठरवलं, आईला विचारायचं. तिनंच दिलं, तिनंच सांगावं. ती जा म्हणाली तर डोळे मिटून जायचं.

घरी पोचला तेव्हा नीला निघायच्या घाईत होती. पेज झाकून ठेवलीय, एवढं सांगून ती गेली. सुजितनं पाणी गरम केलं, आईला पुसून काढलं, गाउन बदलला, केसांना तेल लावलं. सोजरबाई आज बऱ्यापैकी शुद्धीत होती. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. त्यानं चमच्यानं पेज भरवली, तोंड पुसलं आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाला,

"आई, बोलावणं आलंय. तू म्हणायचीस ते."

"कुणाला?"

"सुजितला."

म्हातारीचा अर्धा चेहरा उजळला. "आलं न्हवं का? आलंच हाय! लई वरसं झाली की." मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमाला कुणी सांगितलं, दादा?"

'दादा' ती बरेच दिवस म्हणत होती. 'या दादा,' 'बसा दादा.' सुजित-नीलाला वाटायचं, झटक्यानं जीभ अडखळते, तोंडाला येईल तो शब्द म्हणते. आज पहिल्यांदा त्यानं तो शब्द नीट ऐकला.

"आई, मी कोण आहे?"

"तुमी व्हय? तुमी येता की रोज सकाळी." तिला प्रश्नच गमतीचा वाटला. "नाव न्हाई मला ठावं. इचारीन म्हनते आन् ऱ्हाऊन जातं."

"आणि सुजित कुठं आहे?"

"त्यो मोठा पाळक झालाय. लांब असतो, डोंगरात. देवाच्या कामात हाय, त्याला येळ न्हाई." ती हे इतक्या अभिमानानं म्हणाली की सुजितला वाटलं, आपण उठून बाहेर जावं, पार चाकणपर्यंत चालत जावं. इतकी वर्षं तो ज्या सुजितची वाट बघत होता तो हिच्या डोक्यात कधीच पोचलासुद्धा होता. खुशाल होता तिकडं.

"त्याची आठवण येत नाही?" त्यानं विचारलं.

"येती की. आई हाय मी. पैल्यांदा रडायची बी. देवाला म्हनायची, दिला खरा, पन माझं कोन बघंल आता?" सोजरबाईनं उजवा हात चाचपत पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं. "मग तुमी यायला लागला. हागणं-मुतणं काढता, पन कवा तोंड वाकडं केलं न्हाई. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते, दादा. म्हनते, देवा, एक लेक म्या तुला दिला, तर तू मला ह्यो दुसरा धाडलास. ह्याला दमवू नको."

सुजित रडला. लाज न बाळगता, गावाकडं रडतात तसा, मोठ्यानं. इतकी वर्षं वर आभाळाकडं कान लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी रोज नाव न घेता देवापुढं उभं करत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. आनंद म्हणावा तर तसं काही नव्हतं ते. आयुष्य हातातून निघून गेल्याची हळहळ होती, त्या सुखी, डोंगरातल्या सुजितचा मत्सर होता, आणि रात्रीमागून रात्री जागून आलेला शीण होता. पण एक गोष्ट त्याला त्या शिणातसुद्धा लख्ख कळली. त्याला धाडलं होतं. केव्हाच धाडलं होतं, आणि तो पोचलाही होता.

फोन वाजला. पाळकसाहेब होते. रविवारच्या पाठवणीला कुणाकुणाला बोलवायचं, गाडी कधीची बघायची, असं काय काय ते उत्साहानं विचारायला लागले. सुजितनं बाहीनं नाक पुसलं.

"पाळकसाहेब, मला माफ करा. मी नाही येत. मला झोप लागली होती. भोपळ्याचा लिलाव चाललाय असं वाटून मी हात वर केला होता."

पलीकडं पाळकसाहेबांनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"सुजितभाऊ," मग ते म्हणाले, "हे तुम्ही घाबरून बोलताय का? प्रार्थना करून बघा आधी."

"झाली प्रार्थना. आत्ताच झाली. मी नाही केली, पण झाली." त्याला स्वतःचंच बोलणं विचित्र वाटलं. "मी इथंच आहे साहेब. मंडळीला खरं काय ते मी रविवारी उभा राहून सांगतो. हसू देत हसले तर."

त्यानं फोन ठेवला. सोजरबाई टक लावून बघत होती. कान तिचे शाबूत होते.

"कोन व्हतं?"

"पाळकसाहेब. देवाच्या कामासाठी लांब बोलावत होते मला."

"मग? न्हाई म्हनला?"

"नाही म्हणालो."

म्हातारीला ते मुळीच आवडलं नाही. तिनं त्याचं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडं फिरवायचा प्रयत्न केला. ते जमेना तेव्हा डोळे मिटून घेतले.

"असं करू ने, दादा," ती म्हणाली. "देवाला न्हाई म्हनू ने माणसानं. माझा सुजित असता तर एका पायावर गेला असता."

"गेला असता, आई," सुजित म्हणाला, आणि तिला दुसऱ्या कुशीवर वळवायला त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला.